अर्धी प्रार्थना

आजोबांची आठवण आली की सगळ्यांत आधी त्यांचे थांबणे ऐकू येते. संध्याकाळच्या जपमाळेत ‘नमो मरिया’चा पूर्वार्ध ते म्हणत. देवदूताने नासरेथच्या त्या मुलीला केलेला नमस्कार, एलिझाबेथने तिला दिलेला आशीर्वाद, आणि मग येशूच्या नावापाशी आले की त्यांचा स्वर हलकेच खाली टेकायचा. टेकायचा आणि थांबायचा. त्यानंतरचे एक निमिष कुणाचेच नसे. वेदीपुढच्या दिव्याची ज्योत, पागोळ्यांचे पाणी, गोठ्यात बैलाने मान हलवली की वाजणारी घंटा, बावखलातल्या बेडकांचे एकसुरी बोलणे, जे जे त्या निमिषात सापडायचे ते त्या घराचे होऊन जायचे. मग आजी, काका-काकू, आई-बाबा, आम्ही मुले, सगळ्यांचे मिळून एक जाडेभरडे उत्तर उठायचे आणि प्रार्थनेचा उरलेला अर्धा भाग पुरा व्हायचा. एका माळेत असे ५३ वेळा. ५३ वेळा ते थांबायचे आणि ५३ वेळा आम्ही त्यांच्यापर्यंत पोचायचो.

त्यांचा चेहरा आता थोडा पुसट झाला आहे. भिंतीवरच्या तसबिरीतला चेहरा आणि मनातला चेहरा एकमेकांत मिसळून गेले आहेत, कुठला खरा ते सांगता येत नाही. ते थांबणे मात्र अजून तसेच आहे, जसेच्या तसे, कानाशी.

नवऱ्याच्या नोकरीपायी सातपुड्याच्या पायथ्याशी, या जळगाव जामोदला येऊन राहिले त्यालाही आता बराच काळ लोटला. वसईचा समुद्र इथून फार दूर. उत्तरेला डोंगराची निळी रांग, खाली पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरत गेलेली काळी कपाशीची जमीन, उन्हाळ्यात दुपारी रस्ते इतके निर्मनुष्य की आपल्याच चपलेचा आवाज आपल्या मागून चालत येतो. आमचे मिस्सेचे घर लांब, ओळखीची प्रार्थना कानावर पडायची ती फक्त आपल्या घरात आपण म्हणू तेव्हा. पण गल्लीच्या टोकाला विठ्ठलाचे एक लहानसे देऊळ आहे आणि दिवेलागणीला तिथे हरिपाठ होतो. एक वयोवृद्ध बाबा चरण सोडतात, बाकीचे टाळाच्या ठेक्यावर तो उचलतात. पहिल्यांदा ते ऐकले तेव्हा मी कणीक मळत होते. शब्द आमचे नव्हते, चाल आमची नव्हती, पण बाबांनी चरण सोडला आणि इतरांनी उचलला, या दोहोंच्या मधली ती एवढीशी फट मी ओळखली. हात तसाच पिठात राहिला. त्या फटीत माझे आजोबा उभे होते.

मग ते रोज येऊ लागले.

वसईकडच्या नंदाखालचे आमचे घर वाडीच्या मधोमध होते. भोवती केळी, त्यांच्या पलीकडे पानवेली, कुंपणाला जास्वंद आणि सोनचाफा. ओटीवरून आत आले की समोरच्या भिंतीला वेदी. लाकडी क्रूस, मरियामातेची काच तडकलेली तसबीर, खोबरेल तेलाचा दिवा, आणि झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद घेऊन आणलेले पाते, जे वर्षभर तसबिरीमागे वाळत राही आणि राखेच्या बुधवाराआधी चर्चमध्ये परत जाई, जाळून त्याची राख कपाळाला लागण्यासाठी. सायंघंटा झाली की आजोबा विहिरीवर हातपाय धूत, धोतराच्या सोग्याने तोंड पुसत, आणि वेदीपुढे येऊन गुडघे टेकत. कुणाला हाक मारायची पद्धत नव्हती. त्यांनी गुडघे टेकले हीच हाक. चुलीवरचे भांडे उतरे, अभ्यासाची वही मिटे, गोठ्यातला गडी दाराशी येऊन बसे. सोमवार आणि गुरुवार आनंदाची रहस्ये, मंगळवार आणि शुक्रवार दुःखाची, बुधवार, शनिवार आणि रविवार गौरवाची. आठवड्याचे वार मला शाळेत शिकवावे लागले नाहीत, ते मला माळेने शिकवले.

आजोबा कर्ते होते, आणि जुन्या काळचे कर्ते होते. जमिनीचा व्यवहार, मुलीचे स्थळ, नव्या म्हशीची किंमत, सगळे त्यांच्या होकारावर थांबलेले असे. त्यांचा राग मोठा होता. एखाद्याने देणेकऱ्याला फसवले किंवा बायकोवर हात उचलला असे कळले की त्यांच्या कपाळाची शीर उठायची आणि त्या घराची पायरी ते चढायचे थांबत. पण इतका धाक असणाऱ्या या माणसाला मी दर संध्याकाळी गुडघ्यांवर, डोळे मिटून, आमच्या उत्तराची वाट पाहताना बघितले. त्यांना सगळी प्रार्थना पाठ होती, पुढचा भागही. ते तो म्हणत नसत. तो आमचा होता. तीन वर्षांच्या मुलाचाही होता, ज्याला फक्त शेवटचे ‘आमेन’ येई. घरातल्या सगळ्यांत लहान जिभेसाठी घरातला सगळ्यांत मोठा आवाज गप्प राहतो, हे मी रोज पाहात वाढले, आणि माझ्यासाठी वडीलधारेपणाचा अर्थ तेव्हाच ठरून गेला.

ही रीत त्यांच्यात कुठून आली असेल? मला वाटते, ती त्यांच्या बालपणीच्या मिस्सेतून आली. त्या वेळी मिस्सा लॅटिनमध्ये होई. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून म्हणत, लोक मागे आपापल्या माळा ओढत बसत, आणि धर्मगुरूंच्या प्रत्येक वचनाला उत्तर द्यायचे ते वेदीच्या पायरीवर गुडघे टेकलेल्या सेवक मुलाने. आजोबा तो मुलगा होते. अर्थ न कळणारी ती लांबलचक उत्तरे त्यांनी वाडीत केळीला पाणी सोडता सोडता पाठ केली होती. साऱ्या गावाच्या वतीने देवाला उत्तर देणारे दहा वर्षांचे एकटे पोर. पुढे रोमला १९६२ ते १९६५ दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, आणि हळूहळू वेदी लोकांकडे वळली, मिस्सा मराठीत आली. आजोबा तेव्हा चाळिशी ओलांडलेले. त्यांच्या बरोबरीच्या काही जणांना जुन्या लॅटिन स्वरांची हुरहूर लागली होती. त्यांनाही लागली असेल. पण ते सांगायचे ते एवढेच, की पहिल्या मराठी मिस्सेत त्यांनी सवयीने एकट्याने उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मागून सगळे चर्च बोलले. बायका, म्हातारे, पाटीवाल्या, गाडीवान. हे सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. दर वेळी.

आणखी एक आठवण ते अशीच जपून होते. १९६४ च्या डिसेंबरात मुंबईला आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली होती आणि तिच्यासाठी पोप सहावे पॉल भारतात आले होते. या भूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. आजोबा आजीला घेऊन विरारहून पहाटेच्या गाडीने चर्चगेटला उतरले आणि ओव्हल मैदानावरच्या त्या अफाट गर्दीत उभे राहिले. पोप त्यांना दिसले ते करंगळीएवढे, पांढरे. आजीला तेवढेही दिसले नाहीत. आम्ही विचारायचो, मग पाहिले काय? आजोबा म्हणायचे, “पाहायला नव्हतो गेलो. ‘आमेन’ म्हणायला गेलो होतो.”

उपवासकाळ लागला की माळेनंतर दिव्याजवळ एक जाड पुस्तक उघडे. ‘ख्रिस्तपुराण’. थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत रचलेले, गोव्यात राचोलला १६१६ साली छापलेले, आणि शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरीत काढलेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा तो पसारा एका उपवासकाळात कधीच संपत नसे, आणि संपवायची घाईही कुणाला नसे. आजोबा ओवी लावून म्हणत, अर्थ सांगत नसत. आजीला अक्षरओळख नव्हती. पण इतकी वर्षे ऐकून ऐकून ओवीचा शेवटचा चरण तिला आधीच उमगायचा, आणि तिथेही आजोबा थांबायचे. पुस्तकावरची नजर न उचलता थांबायचे. चुलीपाशी बसलेली आजी राखेत चिमटा फिरवत तो चरण पुरा करायची. नवरा-बायकोत याहून मोठे बोलणे मी त्या घरात ऐकले नाही, आणि याहून प्रेमाचे कुठेच ऐकले नाही.

दिवसाचे आजोबा वेगळे होते असे नाही. पहाटेच्या मिस्सेहून येत ते थेट वाडीत. राजेळी केळीचे घड उतरवायचे, पिकवायचे, सोलून मांडवावर उन्हाला घालायचे, रोज हाताने उलटायचे, आणि आठवडाभराने ती मधाळ तपकिरी सुकेळी केळीच्या वाळक्या पानांत बांधायची. निर्मळच्या कार्तिकी जत्रेत आमची सुकेळी जात. शंकराचार्यांच्या समाधीची ती जत्रा, पण आजोबा तिच्यासाठी दोन दिवस आधीपासून दाढी करून तयार असत. मांडवावरच्या उन्हात त्या केळ्यांचा जो वास सुटे, गोड, किंचित आंबूस, धुरकट, तो त्यांच्या अंगाला बाराही महिने येई. माळ म्हणताना मी मुद्दाम त्यांच्या डाव्या हाताशी बसे. मला मेणबत्तीच्या वासाआधी देवाचा तो वास ठाऊक होता.

आणि एक संध्याकाळ अशी आली की उत्तर आले नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. वसईच्या हिरव्या पट्ट्यात बिल्डर फिरू लागले होते, शेतजमिनीचे भाव ऐकून माणसांची झोप उडत होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी गावोगाव लोकांना जागे करत होते, आणि आजोबा धोतराच्या कनवटीला माळ खोचून मोर्चाला जाऊन आले होते. थोरल्या काकांची तीन मुले शिकायला होती. काकू आजारी होती. बावखलाच्या कडेचा तुकडा विकावा आणि बावखल भरून द्यावे, असे काकांचे म्हणणे होते. काकांचेही खरे होते, हे आज मला कळते. आजोबा म्हणाले, बावखल बुजवले तर विहिरीत समुद्र येईल. पावसाचे पाणी त्या खोलगट तळ्यात साठते, जमिनीत मुरते, आणि खालून सरकणाऱ्या खाऱ्या पाण्याला बाहेर थोपवून धरते, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते. शब्दाला शब्द लागला. दुपारभर घर तापले.

संध्याकाळी आजोबांनी गुडघे टेकले. आम्ही सगळे बसलो, काकाही बसले, कारण न बसण्याची कल्पना त्या घरात कुणाला करताच येत नव्हती. आजोबांनी पहिला ‘नमो मरिया’ म्हटला आणि थांबले. काकांनी तोंड उघडले नाही. त्यांचे बघून बाबा गप्प, आईचा आवाज घशात, आम्ही मुले एकमेकांकडे बघतो आहोत. ते निमिष लांबत गेले. बेडूक ओरडत होते. आजोबा वळून बघू शकले असते, ओरडू शकले असते, उरलेली प्रार्थना स्वतः म्हणून पुढे जाऊ शकले असते. त्यांनी यातले काहीच केले नाही. एका मण्यावर अंगठा ठेवून ते थांबून राहिले. किती वेळ, देव जाणे. मग आजीने एकटीने सुरुवात केली, अगदी बारीक, आणि दुसऱ्याच शब्दाला काकांचा आवाज तिच्या आवाजाखाली येऊन टेकला. रडवेला, खरखरीत. पुढच्या आठवड्यात रस्त्याकडचा एक तुकडा गेला. काकूचे औषधपाणी झाले, मुले शिकली. बावखल राहिले. कुणी जिंकले, कुणी हरले, असे आमच्या घरात त्या गोष्टीबद्दल कधी बोलले गेले नाही.

इथे आल्यावर मला त्या बावखलाचे मोल जास्तच कळले. या तालुक्याच्या खालच्या अंगाला पूर्णेचा खारपाणपट्टा लागतो. विहीर खणली तरी गोड पाणी लागेल याचा भरवसा नाही, तोंडात घेतलेला घोट बायका मान फिरवून थुंकून टाकतात. गोड पाण्यासाठी इथला माणूस आभाळाकडेच बघतो. जवळच्या भेंडवळ गावी अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात घट मांडतात. मातीच्या गोल आखणीत अठरा धान्ये ठेवतात, मध्ये पाण्याची घागर आणि मातीची ढेकळे, आणि मग सगळे माघारी फिरतात. रात्रभर तिथे कुणी जायचे नाही. पहाटे येऊन बघायचे, कोणता दाणा सरकला, कोणता जागच्या जागी राहिला, यंदा पाऊस कसा, पीक कसे. तीनशेहून अधिक वर्षांची ही रीत. पहिल्यांदा मी ती ऐकली तेव्हा मला त्या भाकितापेक्षा ती मधली रात्र फार जवळची वाटली. आपण आपले मांडून ठेवले आहे, आता उत्तर येईपर्यंत हात लावायचा नाही. माझे आजोबा ही रात्र ओळखत होते.

आजी गेली तेव्हा माळेतला एक आवाज कमी झाला, आणि तो नेमका कुठे कमी झाला ते आजोबांना रोज ५३ वेळा ऐकावे लागले. तरी ते थांबत राहिले. पुढे पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली माळेला प्रकाशाची रहस्ये जोडली. ऐंशीच्या घरातले आजोबा ‘सुवार्ता’ मासिक भिंगाखाली धरून ती नवी पाच रहस्ये शाळकरी मुलासारखी पाठ करू लागले, आणि गुरुवारी चुकली की नातवंडांकडून दुरुस्त करून घेऊ लागले. योर्देन नदीतली बाप्तिस्म्याची, काना गावच्या लग्नाची. “आयुष्यभर गुरुवारी आनंदाचीच म्हटली,” ते म्हणत, “आता उजेडाची म्हणू.”

शेवटच्या पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले. नावे सुटत चालली होती. काकांना ते स्वतःच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारीत, मला माझ्या आईच्या. अंथरूण वेदीसमोर हलवले होते. सायंघंटा झाली आणि सगळे सवयीने जमले, पण आजोबांना सुरुवात करता येईना. ओठ हलत, स्वर निघत नसे. आम्ही वाट बघत राहिलो. तेव्हा काकांची धाकटी नात, जेमतेम पहिल्या वर्गातली, तिला काय वाटले कोण जाणे, तिने आजोबांच्या हातातली माळ आपल्या बोटांत घेतली आणि पूर्वार्ध म्हटला. येशूच्या नावापाशी आली आणि थांबली, अगदी त्यांच्यासारखी.

आणि आजोबांनी उत्तर दिले.

त्यांच्या तोंडून प्रार्थनेचा उत्तरार्ध मी कधीच ऐकला नव्हता. आमच्यापैकी कुणीच ऐकला नव्हता. पूर्वार्धात सगळा नमस्कार आहे, आशीर्वाद आहे, पोटी येणाऱ्या बाळाचे नाव आहे. मरण आहे ते उत्तरार्धात. आम्हा पाप्यांसाठी आत्ताच्या घडीला आणि मरणाच्या घडीला विनंती कर, हे मागणे त्यांनी उभ्या जन्मात आमच्यावर सोपवले होते. दर संध्याकाळी आम्ही ते मागत आलो, पोरवयात अर्थही न कळता मागत आलो, आणि ज्यांच्यासाठी मागत होतो ते समोर गुडघे टेकून शांतपणे ऐकत होते. आता ते स्वतः मागत होते. स्वर क्षीण होता पण एक शब्द चुकला नाही. पोर म्हणत गेली, ते उत्तर देत गेले, आणि आम्ही बाकीचे, पन्नाशीचे काका, बाबा, सुना, आम्ही नुसते रडत बसलो. वेदीच्या पायरीवरचा तो दहा वर्षांचा मुलगा पुन्हा आपल्या कामाला लागला होता.

त्यानंतर फार दिवस ते राहिले नाहीत.

आता आमचे घर किती ठिकाणी वाटले गेले आहे! एक चुलतभाऊ कॅनडात, एक बहीण पुण्यात, मी इथे सातपुड्याखाली. बुधवारी संध्याकाळी नंदाखालहून काका फोन लावतात आणि सगळे पडद्यावरच्या चौकटींतून माळेला बसतात. काका पूर्वार्ध म्हणतात. आमचे उत्तर लगेच पोचते, कॅनडातले मात्र एवढ्या समुद्रांवरून यायला वेळ घेते, आमचे ‘आमेन’ होऊन जाते तरी ते वाटेतच असते. ते येईपर्यंत काका दुसरा मणी धरत नाहीत. एका संध्याकाळी ज्यांनी उत्तर रोखून धरले होते तेच काका आता दुसऱ्याच्या उत्तरासाठी डोळे मिटून थांबतात, आणि त्यांचा अंगठा मण्यावर आजोबांचाच असतो.

परवा माळ संपल्यावर इतरांनी फोन ठेवले तरी काका थांबून राहिले. म्हणाले, “बाय, या नाताळला माळ तू घे. माझा दम पुरत नाही आता.” मी काही बोलू शकले नाही, नुसती मान हलवली. नवऱ्याच्या सुट्टीच्या अर्जावर सही झाली आहे, नांदुऱ्याहून गाडीची तिकिटे काढली आहेत, आणि मुलगी मला रोज रहस्यांची क्रमवारी विचारून भंडावते आहे. आजोबांच्या जागी गुडघे टेकताना माझा स्वर कापेल, बहुतेक पहिल्याच दहा मण्यांत कापेल. कापू दे. मला अर्धेच म्हणायचे आहे. बाकीचे म्हणायला घर भरलेले असेल.